इरला, किरवा, डवला

मोखाड्याला तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून माझं टेबल आहे. गेली कित्येक वर्षं तिथे बसून मी लोकांचे अर्ज लिहिते. नाव चुकलं, जन्मतारीख चुकली, जिवंत माणूस कागदावर मेला, मेलेला माणूस कागदावर जिवंत राहिला, अशा सगळ्या दुरुस्त्या माझ्याकडे येतात. माणूस आपल्या बोलीत पाच मिनिटं तळतळून सांगतो, मी त्याचं चार ओळींचं मराठी करते आणि आत बसलेला कारकून ते न वाचताच शिक्का मारतो. या धंद्यामुळे कागदाविषयी आणि कागद लिहिणाऱ्यांविषयी माझ्या मनात जो तिटकारा साठलाय तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पन्नाशी उलटल्यावर बाईनं उगाच गोड कशाला बोलावं? या प्रकरणात एक मास्तर आहे, एक मोठा डॉक्टर आहे आणि एक सतरा वर्षांची शहाणी मुलगी आहे. तिघांपैकी एकालाही मी सोडणार नाही.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, मध्ये भाताची कणगी आणि कणगीच्या अलीकडे चूल. बाप वर्षातले आठ महिने ठाण्याकडे इमारतींच्या कामावर असायचा. तो शिमग्याला आणि लावणीला यायचा आणि येताना हिंदी घेऊन यायचा. घरात खरं राज्य आईचं. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की मला जाग यायची. नागलीचं पीठ दळताना आई गाणं वगैरे म्हणत नसे, हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे फोटो काढायला येणाऱ्यांना प्रत्येक जात्यावर गाणं हवं असतं. आई दळताना शेजारणीला शिव्या द्यायची, जिच्या कोंबड्या आमच्या वरईत शिरायच्या. मग चूल पेटायची, ओल्या लाकडाचा धूर घरभर व्हायचा, खापरीवर नागलीची काळीभोर भाकर टाकली की तिचा खरपूस वास यायचा, आणि भाकरीबरोबर बहुतेक वेळा उडदाचं पातळ बेसन असायचं. पावसाळ्यात शेतातले खेकडे मिळाले की ते. खेकड्याला आम्ही किरवा म्हणतो. किरव्याचं कालवण आई करवंटीच्या पळीनं ढवळायची. त्या पळीचं नाव डवला.

मला पहिली फिट आली ती याच चुलीपुढे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही, कधीच आठवलं नाही. फक्त सुरुवात कळायची. पोटातून काहीतरी वर चढत यायचं, झोक्यावरून खाली येताना होतं तसं, आणि मग पुढचं सगळं कापून टाकल्यासारखं व्हायचं. आई सांगायची की मी पडत नसे, आचके देत नसे. एका जागी टक लावून बघत बसे, तोंडानं काही चघळल्यासारखं करी आणि हातानं फडक्याचं टोक चुरगळत राही. दोन-तीन मिनिटांत परत येई. आई या प्रकाराला फिट म्हणत नव्हती, आकडी म्हणत नव्हती. ती म्हणायची, काशी गेली. आणि नंतर म्हणायची, काशी आली. काशी म्हणजे मी.

त्या पहिल्या वेळी आई कालवण ढवळत होती. मी हाकेला ओ देत नाही म्हटल्यावर तिनं हातातला डवलाच माझ्या डोळ्यांपुढे धरला आणि ओरडली, "यो काय?" मी म्हणे टक लावलेली नजर न हलवता म्हटलं, "डवला." आई घाबरायची थांबली. पोर गेलीय, पण बोलतेय. तेव्हापासून तिनं नेमच धरला. मी गेले की ती हाताला लागेल ती वस्तू उचलून माझ्यापुढे धरायची. सूप, कोयता, मडकं, पावसाळ्यात डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं, ज्याला आमच्या बोलीत इरला म्हणतात. मी नावं सांगत जायचे. नाव घेताना माझी नजर त्या वस्तूवर आली की आई म्हणायची, "आली." लहान भावंडांना हा खेळ वाटायचा. पाड्यावरच्या भगतालाही एकदा बोलावलं होतं. त्यानं एक कोंबडा घेतला आणि गुण काही आला नाही. पण त्याच्याविषयी मी वाईट बोलणार नाही, कारण त्यानं आईला विचारलं होतं, "जाते तवा पोर काय बोलते?" पुढे मला जे शिकले-सवरलेले भेटले त्यांच्यापैकी एकालाही हा प्रश्न सुचला नाही.

चौथीनंतर मी आश्रमशाळेत गेले. तिथे एक सर होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि आम्हाला माणसात आणण्यासाठी आपली या डोंगरात नेमणूक झालीय अशी पक्की समजूत. पगाराच्या दिवशी जव्हारला जायचे ते तिसऱ्या दिवशी परतायचे, पण ते जाऊ दे. त्यांचा नियम असा होता की घरची बोली ज्याच्या तोंडून निघेल त्यानं जेवणाच्या पंगतीत शेवटी बसायचं. शेवटी बसलं की वरणाचं नुसतं पिवळं पाणी वाट्याला यायचं. पहिल्या वर्षी मी ते पाणी पुष्कळ प्यायले. त्यात माझी फिट. सर फळ्यापाशी उभं करून कविता म्हणायला सांगायचे आणि कधीमधी नेमकी तिथेच मी जायचे. मराठी तोंडातून नाहीशी व्हायची. सर ओरडून काही विचारायचे आणि मी आमच्या बोलीत उत्तर द्यायचे. म्हणजे असं मुली सांगायच्या. मला कळायचं ते एवढंच की शुद्ध यायची तेव्हा तळहात सुजलेले असायचे. कुणी मारलं, कशासाठी मारलं, किती मारलं, काही आठवायचं नाही. हेडमास्तरांनी एकदा दबकत म्हटलं की मुलीला फिट येत असेल. त्यावर सर म्हणाले, "फिट आलेला माणूस बोलतो का? पाठांतर केलेलं नसलं की नाटकं सुचतात यांना." सरांना वाटे की ते माणसं ओळखतात. ते म्हातारपणी माझ्याकडेच अर्ज लिहून घ्यायला आले होते, नावातल्या एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी. मी लिहून दिला. त्यांनी मला ओळखलं नाही, यात नवल नाही. वर्गात समोर उभी केलेली मुलगी त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती.

आता त्या सतरा वर्षांच्या मुलीकडे येते. माणूस मार खाऊन शहाणा होतो असं म्हणतात ते अर्धवट खरं आहे, तो मारणाऱ्यासारखा होतो. दोन वर्षांत माझं मराठी असं घासूनपुसून चकचकीत झालं की जव्हारच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले. शिरपामाळावर महाराजांचा मुक्काम, या विषयावर मी हात उंचावून दहा मिनिटं बोलले, आणि परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, वाटतच नाही गं तू पाड्यावरची. हे वाक्य मी वर्षभर उराशी धरून फिरत होते. सुट्टीत घरी आले की आईच्या प्रत्येक शब्दावर माझी नजर. इरला नाही आई, छत्री म्हण. पानी नाही, पाणी. ण, ण. आई हसून जीभ वळवायचा प्रयत्न करायची, तिला यायचं नाही, आणि मग मी अशी तोंड वाकडं करून बाहेर जायचे की आज ती मुलगी माझ्या टेबलासमोर आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. आईला राग कसा येत नव्हता याचं मला अजून कोडं आहे. ती शेजारणीला जाऊन सांगायची, "आमची काशी सायबासारखी बोलते."

फिट मात्र वाढत चालली होती. आधी महिन्यातून एकदा यायची, ती आठवड्यातून दोनदा येऊ लागली. जव्हारच्या दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. त्या खाऊन झोप यायची, फिट थांबायची नाही. एकदा चुलीपुढे गेले तेव्हा डावा हात निखाऱ्यावर टेकला. तो डाग अजून आहे. बारावीच्या मराठीच्या पेपरात मी अशीच गेले आणि परत आले तेव्हा पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करत होते. मी नापास झाले. मला मास्तरीण व्हायचं होतं, शिपाईण नाही, आया नाही, मास्तरीण. त्या सरांच्या खुर्चीत बसायचं होतं. फिट घेऊन ते जमणार नाही एवढं मला दिसत होतं. त्याच सुमारास जव्हारला शहरातल्या डॉक्टरांचं शिबिर भरलं. तिथल्या एका डॉक्टरनं माझं सगळं ऐकून चिठ्ठी दिली. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात जायचं. तिथे मेंदूत फिट कुठे सुरू होते ती जागा शोधतात, आणि जागा सापडली तर ऑपरेशन करून ती काढून टाकतात. काढून टाकतात, हे दोन शब्द ऐकल्यावर मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

बाप कामावरून सुटू शकत नव्हता, म्हणून मी आणि आई निघालो. फडक्यात नागलीच्या भाकरी, सुकटीची चटणी. मोखाड्याहून एस.टी.नं जव्हार आणि तिथून पुढची गाडी. आई खिडकीशी बसली होती, नवं लुगडं, केसांना तेल. मला त्या तेलाच्या वासाचीसुद्धा लाज वाटत होती. घाट उतरून गाडी सपाटीला लागली तेव्हा मी तिला समजावलं. सगळं अगदी शुद्ध मराठीत समजावलं.

"आई, तिथे मोठे डॉक्टर असतात. आपली भाषा बोलायची नाही. तोंडच उघडू नको. हसतात लोक."

"कोनी इचारला तर?"

"तर माझ्याकडे बघ. मी सांगेन."

आईनं भाकरींचं फडकं मांडीवर नीट केलं. मग म्हणाली, "आन तू गेलेली असलीस तर?"

केवढा नेमका प्रश्न होता. त्या गाडीत, त्या इस्पितळात, पुढच्या पंधरा दिवसांत कुणी विचारला नसेल एवढा नेमका. मी म्हटलं, "तरी गप्प बस." आई म्हणाली, बरं.

इस्पितळातली खोली पांढरी, भिंतीवर वर कोपऱ्यात कॅमेरा. माझ्या डोक्याला डिंकासारख्या कशानं तरी तारा चिकटवल्या आणि वरून फेटा बांधावा तसं फडकं गुंडाळलं. गोळ्या बंद केल्या, म्हणजे फिट यावी. आयुष्यात पहिल्यांदा माणसं माझ्या फिटची वाट बघत होती. एक सिस्टर माझ्या हातातल्या सुईच्या नळीजवळ स्टूल टाकून बसायची, तिच्याजवळ औषध भरलेलं इंजेक्शन तयार. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर हात, तोंडाला कुलूप. मोठे डॉक्टर सकाळी यायचे, पाठीमागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. बोलायचे घोळक्याशी, बोट माझ्याकडे. त्यांचं सांगणं मी मन लावून ऐकायचे, कारण ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते सांगत की मेंदूत फिट जिथे पेटते तिथे रक्त धावतं, एका घराला आग लागली की सगळा पाडा तिकडे धावतो तसं (पाडा माझा, त्यांनी गाव म्हटलं होतं). फिट सुरू झाल्याबरोबर काही क्षणांत इंजेक्शन दिलं, की औषध रक्ताबरोबर त्या जागी जाऊन बसतं. मग सावकाश मशीनखाली फोटो काढला तरी चालतो. कुठे रंग जास्त, तिथे रक्त जास्त, तिथे फिट. दुसरी खूण बोलण्याची. बहुतेक माणसांच्या बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. फिटमध्ये बोलणं गेलं तर फिट डावीकडची. बोलणं शाबूत राहिलं तर उजवीकडची. हे तपासायला एका शिकाऊ डॉक्टरणीकडे लहान मुलांच्या पुस्तकातून कापलेली चार चित्रं होती. फिटच्या वेळी ती एकेक चित्र माझ्यापुढे धरून हे काय आहे म्हणून विचारणार होती. म्हणजे आईनं चुलीपुढे सात-आठ वर्षं फुकट घेतलेली परीक्षा या लोकांनी तीन मजली यंत्रसामग्री आणून मांडली होती, आणि परीक्षा घेणारी पहिली बाई तिथेच खुर्चीवर गप्प बसली होती.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी गेले. परत आले तेव्हा मशीनखाली होते. दोन दिवसांनी मोठे डॉक्टर आले आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. ऑपरेशन होणार नाही. फिटच्या वेळी माझं बोलणं पूर्ण जातं, मी अर्थ नसलेले आवाज काढते, म्हणजे फिट डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेतच. तिथे सुरी लावली तर फिटबरोबर भाषाही जाईल. गोळ्या वाढवून देऊ. विहिरीवर एकटीनं जायचं नाही, विस्तवाजवळ बसायचं नाही. मी विचारलं, शिक्षिका होता येईल का? ते म्हणाले, घरातलं काहीतरी हलकं काम बघ.

फोटोचा प्रश्न राहिला होता. फोटोत रंग उजव्या बाजूला भरला होता. हे मला सिस्टरकडून कळलं, कारण त्या फोटोपायी तिला बोलणी बसली होती. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, तिनं इंजेक्शन द्यायला उशीर केला, तोवर फिट दुसरीकडे पसरली, म्हणून रक्त भलतीकडे दिसलं. सिस्टर म्हणत होती की तिनं घड्याळ बघून दिलं, जरासुद्धा उशीर केला नाही. पण शब्द चालतो तो मोठ्यांचा. माझ्या मेंदूतलं रक्त बरोबर जागी धावलं होतं, सिस्टर बरोबर वेळी धावली होती, आणि दोघांनाही खोटं ठरवणारा एक माणूस होता, ज्याला स्वतःचे कान चुकतील अशी शंकासुद्धा आली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला एका लांबट खोलीत नेलं. वीसेक शिकाऊ डॉक्टर बाकांवर बसले होते. मला पुढे खुर्ची, टी.व्ही.च्या बाजूला. आईला दाराबाहेर बसवलं होतं. मोठ्या डॉक्टरांना फिटमध्ये भाषा कशी तुटते ते दाखवायचं होतं, आणि मी तिथे का होते म्हणाल तर दुकानात नमुन्याचा कपडा टांगतात तशी. त्यांनी माझ्या फिटची टेप लावली. मी स्वतःला गेलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तोंड चघळतंय, बोटं चादर चुरगळतायत. कडेला आईचा हात दिसत होता, हिरव्या बांगड्यांचा, खुर्चीची दांडी घट्ट धरलेला. डॉक्टरणीनं छत्रीचं चित्र धरलं. टेपमधली मी जाड जिभेनं म्हणाले, "इरला."

"अर्थहीन ध्वनी," मोठे डॉक्टर म्हणाले. बाकांवर लेखण्या चालल्या.

खेकड्याचं चित्र. "किरवा."

"पुन्हा तेच."

चमचा. "डवला." मग सूर्य. "दीस." इथे ते जरा खूश झाले. "हे बघा, दिवस म्हणायचंय. सूर्य आणि दिवस, जवळचे शब्द, पण अर्थ घसरला."

दीस म्हणजे आमच्याकडे सूर्यच. तोच उगवतो, तोच बुडतो. मी खुर्चीवरून उठले. स्पर्धेत कमावलेला आवाज होता. "सर, मी बोलतेय," मी म्हटलं. "चारही बरोबर आहेत. ही आमची बोली आहे. इरला म्हणजे पानांची छत्री, किरवा म्हणजे खेकडा, डवला म्हणजे पळी. चमचा आमच्याकडे नव्हता म्हणून मी पळी म्हटलं. दीस म्हणजे सूर्य."

मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, खुर्चीनं तोंड उघडलं तर माणूस बघेल तसे. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, "पण तुला मराठी येतं ना? मग मराठीत का नाही बोललीस?"

"फिट मला विचारून येत नाही, सर," मी म्हटलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

तरी माझ्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? पेशंटचं म्हणणं धरत नाहीत म्हणे. त्यांनी आईला आत बोलावलं. ती दारात चपला काढून आली. टेप पुन्हा लावली. "मावशी, ही काय म्हणतेय?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं. "इरला बोलली सायेब," ती म्हणाली आणि दोन्ही हात डोक्यावर पालथे धरून दाखवले, "पावसात घेतात तो." किरव्याला तिनं बोटांची नांगी केली. डवल्याला हवेत कालवण ढवळलं. दीस म्हटल्यावर खिडकीबाहेर बोट केलं. एकही चुकलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग ते तिच्यावरच उखडले.

"तुम्ही तिथे समोर बसला होतात. तुम्हाला सगळं कळत होतं. तेव्हाच का नाही बोललात? मुलगी हात हलवत परत गेली असती!"

आई माझ्याकडे बघत होती. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी लवते तेवढाच. मग तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकला सायेब."

"या लोकांचं हे असंच," मोठे डॉक्टर बाकांकडे वळून म्हणाले. "वेळेवर तोंड उघडणार नाहीत आणि मग दोष आपल्याला."

मी एका शब्दानंही काही बोलले नाही. वीस डॉक्टरांसमोर आत्ताच त्या माणसाची चूक दाखवणारी मी, महाराजांवर दहा मिनिटं बोलणारी मी. तिचं तोंड मीच बंद केलं होतं सर, एस.टी.त, घाट उतरल्यावर, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग वीस जणांना कळलं असतं की ही चकचकीत मराठी बोलणारी मुलगी आपल्या आईची लाज बाळगते. मास्तराचा आणि डॉक्टरचा मला तिटकारा आहेच, पण त्यांना निदान खरं काय ते ठाऊक नव्हतं. त्या मुलीला ठाऊक होतं.

टेप अजून चालूच होती. चित्रं संपल्यावरही माझी फिट थोडी उरली होती. टेपमध्ये मी मान वळवली, बांगड्यांच्या हाताकडे, आणि अर्धं तोंड उशीत खुपसून काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. मला लख्ख कळलं. मी म्हणत होते, "आये, सांग ना यांना. बरोबर हाय ना?" एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं. बांगड्यांचा हात दांडीवरून थोडा उचलला गेला आणि परत दांडीवर बसला.

"आणि हे शेवटचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

आई म्हणाली, "पानी मागते सायेब."

डॉक्टरणीनं तसं लिहून घेतलं. सिस्टरची कुणी माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. फोटो आता खरा ठरला, फिट उजवीकडची ठरली, आणि दोन महिन्यांनी तिथेच माझं ऑपरेशन झालं. फिट गेली. माझ्या दोन्ही भाषा राहिल्या. मास्तरीण मात्र मी झाले नाही. का, ती वेगळी गोष्ट, त्यात मेंदूचा दोष नव्हता. आईला मी त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. परतीच्या गाडीत ती तिच्या आवाजात, तिच्या बोलीत, मागच्या बाकावरच्या बाईशी जव्हार येईपर्यंत बोलत होती, आणि मी तिला थांबवलं नाही. तेवढंच माझं प्रायश्चित्त, म्हणजे काहीच नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या इस्पितळाच्या कागदाची नक्कल माझ्या पेटीत आहे. आधीची नोंद आडवी रेघ मारून खोडलीय आणि खाली दुरुस्त केलीय. चारही चित्रांची नावं बरोबर सांगितली, आणि शेवटी रुग्णानं पाणी मागितलं. कुंपणाबाहेरच्या त्या टेबलावर मी आजवर हजारो लोकांच्या चुकीच्या नोंदींसाठी अर्ज लिहिले, त्या एका ओळीसाठी लिहिला नाही. आज लिहिते. मी पाणी मागितलं नव्हतं.